कोरं मलपृष्ठ आणि संपलेलं लायसन



अंक उलटा करून मागचं पान बघा. कोरं आहे. छापखान्याची चूक नाही. गेल्या पाच अंकांत त्या पानावर एका ठेकेदाराची जाहिरात असायची. रोलरचं चित्र, खाली 'रस्ते, गटारे व इमारत बांधकाम', आणि त्याखाली जयंतीची नाहीतर महापरिनिर्वाण दिनाची अभिवादनाची ओळ. त्या एका पानाच्या पैशांत अख्ख्या अंकाचा कागद यायचा. ह्या अंकापासून ती जाहिरात बंद केली. निर्णय माझा. संपादक मंडळातल्या दोघांना तो पटलेला नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. तेव्हा अग्रलेखाची जागा ह्याच कामाला लावतो. निवडणुका, युत्या, कोण कुणाच्या मांडीवर जाऊन बसलं, ते पुढच्या अंकात बघू. ते कुठं पळून जात नाही.

ठेकेदार परका असता तर दोन ओळींत काम झालं असतं. शिव्या घालून मोकळे झालो असतो, शिव्यांची आपल्याकडं कधी टंचाई नव्हती. पण हा आपला आहे. आपल्याच वस्तीतला, आपल्याच शाखेतला. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात पाण्याच्या टाकीजवळ रात्रभर उभा राहणारा. माझा बाप गेला तेव्हा तिरडीला खांदा देणारा. त्याच्या पहिल्या वर्क ऑर्डरचे पेढे मी खाल्लेत. त्याचं नाव इथं छापणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांनी आपापल्या वस्तीतला एक चेहरा डोळ्यांपुढं आणावा, फार शोधावं लागणार नाही.

झालं ते असं. मे २०२५. पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणून एका महापालिकेच्या रस्ता रुंदीकरणाचं काम रात्रंदिवस चालू होतं. रस्त्याच्या कडेनं गटाराचा चर खणलेला, पुरुषभर खोल. चराच्या बाजूंना फळ्या आणि टेकू लावायचे असतात, ते लावले नव्हते. फळ्यांना पैसे पडतात. खणलेली माती चराच्या काठावरच ढीग करून ठेवली होती, कारण ती हलवायलाही पैसे पडतात. संध्याकाळी काठ ढासळला. खाली घमेलं भरत असलेली एक मावशी कमरेपर्यंत गाडली गेली. जालन्याकडची, मातंग, पन्नाशीतली. पोरांनी हातांनी माती उपसून तिला बाहेर काढली. जीव वाचला, उजवा पाय मांडीत मोडला. आजही ती काठीशिवाय उभी राहत नाही, आणि घमेलं उचलणं तर विसराच.

सरकारी दवाखान्यात पोलिसानं पहिला प्रश्न विचारला, कुणाकडं कामाला होती? इथून तमाशा सुरू झाला. महापालिकेचा इंजिनियर म्हणाला, काम अमुक कंपनीला दिलंय, त्यांना विचारा. कंपनीचा माणूस मजुरांची यादी घेऊन आला, त्यात मावशीचं नाव नव्हतं. यादीतली निम्मी नावं त्या रस्त्यावर कधी कुणी ऐकलीही नव्हती, ती गोष्ट वेगळी. मग कळलं की गटाराचा तुकडा आपल्या दोस्ताकडं होता. पोटठेका. साइटवर त्याचे सत्तर मजूर. आम्ही त्याचं कामगार लायसन बघायला मागितलं. त्यानं ते कपाटातून काढून दिलंही, प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं. साठ मजुरांचं लायसन, दुसऱ्याच एका कामाचं, आणि त्याची मुदत मार्च २०२४ मध्ये संपलेली.

चौदा महिने! चौदा महिने सत्तर माणसं रोज सकाळी घमेलं-फावडं घेऊन त्या रस्त्यावर उतरत होती आणि सरकारच्या कुठल्याही कागदावर ती जन्मालाच आली नव्हती.

आता हे लायसन म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. आपल्यातले बरेचजण दोन वेगळ्या कागदांची गल्लत करतात. रस्ता बांधणाऱ्याकडं एक असते नोंदणी. सार्वजनिक बांधकाम खातं, जिल्हा परिषद, महापालिका, ज्याचं काम त्याची नोंदणी. त्यात वर्ग असतात, कुणी किती रकमेपर्यंतचं टेंडर भरायचं ते वर्गावर ठरतं. त्यासाठी बँकेचा ऐपतदाखला, मागच्या कामांचे दाखले, मशिनरी, अनामत, सगळं लागतं. ही नोंदणी संपली तर दुसऱ्या दिवशी बोंब होते, कारण टेंडरच्या लखोट्यातच अडकतं. हा कागद ठेकेदाराची ऐपत मोजतो. दुसरा कागद म्हणजे कामगार लायसन. ठेकेदाराकडं माणसं किती, कुठल्या कामावर, कुठल्या मुख्य मालकासाठी, हे त्यावर असतं. हा कागद माणसं मोजतो. आणि हा संपला तर कुठंच काही अडकत नाही. बिल निघतं. रस्ता होतो. नारळ फुटतो. फलक लागतो.

हा दुसरा कागद आला १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं. पण त्याच्या आधीची गोष्ट आपल्या पोरांना माहीत पाहिजे. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि केंद्राचं बांधकाम खातंही त्याच मजूर खात्याच्या हाताखाली होतं. म्हणजे रस्ते-इमारती बांधणारा सरकारी मालक आणि मजुराचा कैवारी, दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. १९४४ मध्ये त्यांच्या खात्यानं देशातल्या मजुरांची पाहणी करायला रेगे समिती नेमली. ठेकेदारामार्फत माणसं लावण्याच्या पद्धतीचं काय करायचं, हा प्रश्न त्या समितीपुढं होता. समितीचा अहवाल १९४६ चा. कायदा यायला पुढं चोवीस वर्षं लागली. आला तो १० फेब्रुवारी १९७१ पासून लागू झाला. वीस किंवा जास्त कंत्राटी मजूर असतील तर मुख्य मालकानं नोंदणी करायची, ठेकेदारानं लायसन घ्यायचं. मुकादम, पोटठेकेदार, सगळे ठेकेदारच्या व्याख्येत. लायसन मुदतीचं, मुदत संपायच्या आत नव्यानं करून घ्यायचं. केंद्राच्या नियमांत तर लिहिलं होतं, दोन महिने आधी अर्ज करा, उशीर झाला तर फीवर पंचवीस टक्के जादा भरा. बस्स, एवढंच. शाळेची फी उशिरा भरावी तसं.

आणि अजिबातच नाही केलं तर? तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कैद कुणाला झाल्याचं मी माझ्या डोळ्यांनी तरी बघितलं नाही. हजार रुपयांत आज एक ब्रास खडीसुद्धा येत नाही.

मजुरांनी मग कोर्टात विचारलं, ठेकेदाराकडं लायसन नाही, मालकाची नोंदणी नाही, तर मधला माणूस बेकायदा ठरला ना? मग आम्ही थेट मालकाचे कामगार झालो ना? सुप्रीम कोर्टानं १९९१ च्या दीनानाथ विरुद्ध नॅशनल फर्टिलायझर्स ह्या निकालात सांगितलं, नाही. लायसन नसल्याची शिक्षा कायद्यात लिहिली आहे तेवढीच. त्यानं मजूर मालकाचा होत नाही. म्हणजे बघा. ठेकेदाराचा कागद मेला तर ठेकेदाराला हजार रुपये, मालकाला फार तर तेवढंच, आणि मजुराला? मजूर कुणाचाच नाही. अधांतरी.

जुन्या काळी निदान गावाला माहीत होतं की वेसकर कुणाचा. गावाचा. त्याला हाकायचा, राबवायचा, शिव्या घालायचा हक्क अख्ख्या गावाचा, पण त्याची भाकरी कुणाच्या दारात, तेही ठरलेलं. ते वतन बाबासाहेबांनी लाथाडलं ते योग्यच केलं. पण आज शहरात आपल्याला मिळालंय ते वेसकराचं काम, आणि दार मात्र कुठलंच नाही.

मंडळातले माझे दोन मित्र म्हणतात, एका कागदाची मुदत संपली, एवढं काय त्यात? पोरगा आपल्यातला, चार पैसे कमावतोय, त्याचे पाय कशाला ओढायचे? मोठे मोठे लायसन-बिसन धाब्यावर बसवतात त्यांना विचारा ना.

विचारतोच की. पण आधी हे ऐका. मावशीच्या पायाला पाच महिने झाले तेव्हा आम्ही तिला घेऊन बांधकाम कामगार मंडळाच्या कार्यालयात गेलो. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कापला जातो आणि तो मंडळाकडं जमा होतो, मजुरांच्या आजारपणाला, अपघाताला, पोरांच्या शिक्षणाला. आपण खणलेल्या प्रत्येक गटाराचा एक टक्का तिथं पडलाय. मंडळात नाव घालायचं तर अट एक, मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला. आणि नोंदणी वेळोवेळी नवी करायची. मावशीची जुनी नोंदणी होती, ती संपून गेली होती, कारण नवा दाखला कुणी दिला नाही. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, मुदत संपली, आता काही नाही.

मी तिथंच हसलो. लोक बघायला लागले. अरे, ठेकेदाराची मुदत संपली तर चौदा महिने सरकारला पत्ता नाही, आणि ह्या बाईची मुदत संपली तर पहिल्याच खिडकीवर सापडली!

त्यात खरी मेख पुढं आहे. दाखला कोण देणार? ठेकेदार. ग्रामसेवक, महापालिका ह्यांच्याकडूनही मिळण्याची सोय आहे म्हणतात, पण नाक्यावरच्या बाईला महापालिकेत कोण ओळखतो? तेव्हा ठेकेदारच. आता ज्याचं लायसन संपलंय तो 'ही बाई माझ्याकडं नव्वद दिवस कामाला होती' असं सही करून देईल? ती सही म्हणजे त्याच्याच गुन्ह्याचा कबुलीजबाब. तो देणार नाही. आणि इथं मला कळलं की संपलेलं लायसन ही ठेकेदाराची हलगर्जी वगैरे काही नसते. एक कागद मेला की तो पाठोपाठ दहा कागद मारतो. लायसन नाही म्हणून मस्टर नाही. मस्टर नाही म्हणून पगारपत्रक नाही, ओळखपत्र नाही, फंड नाही. दाखला नाही म्हणून मंडळ नाही. माणूस हाडामांसाचा रस्त्यावर उभा, आणि कागदावर भुताटकी.

दोस्ताकडं गेलो. एक रात्र त्याच्याकडं बसलो. त्याची बाजूही इथं मांडतो, कारण ती खोटी नाही.

तो म्हणाला, "भावा, मला काय हौस आहे? तुला वाटतं मी फीचे पैसे वाचवले? अरे, लायसन मागायला गेलं की मुख्य मालकाचा दाखला आण म्हणतात. माझा मुख्य मालक कोण? महापालिका. महापालिकेच्या टेंडरमध्ये लिहिलंय, परवानगीशिवाय पोटठेका द्यायचा नाही. कंपनीनं परवानगी घेतलीच नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबी मी नाहीच. जो नाहीच त्याला दाखला कोण देणार? पहिलं लायसन निघालं कारण ते छोटं काम माझ्या नावावर होतं. हे निघूच शकत नाही."

मी विचारलं, मग स्वतःच्या नावावर का घेत नाहीस? तो हसला. "ऐपतदाखला तुझा बाप देणार? जातीचा दाखला काढताना आपला जीव जातो, आणि ऐपतीचा तर जन्मात मिळत नाही."

खरं आहे. महाराष्ट्रात लहान कामांची वाटणी आहे, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३४ टक्के खुल्या नोंदणीकृत ठेकेदारांना. त्यातल्या मजूर संस्थांचे चेअरमन कोण असतात ते आपापल्या तालुक्यात जाऊन बघा. हातावर घट्टा असलेला एक दाखवा, मी अंकाची वर्षाची वर्गणी माफ करतो. शेजारच्या कर्नाटकानं अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना सरकारी कामांत कायद्यानं वाटा ठेवला, जातींना १७.१५ टक्के, जमातींना ६.९५, सुरुवातीला ५० लाखांपर्यंतच्या कामांत. आपल्याकडं पुरोगामी महाराष्ट्र म्हणून भाषणं होतात. दलित पोरगा ह्या धंद्यात शिरतो तो दाराकडून शिरतच नाही, मोरीकडून शिरतो. नोंदणी वरच्याची, टेंडर वरच्याचं, बिल वरच्याच्या खात्यात. चर आपल्याचा. आणि चर ढासळला की गुन्हाही आपल्याचा.

हे सगळं मान्य. मग तरी जाहिरात का काढली?

कारण त्याच रात्री निघताना मावशीच्या उशाखाली सापडलेला एक कागद मी त्याला दाखवला. अपघातानंतर आठवड्याभरात त्याचा मुकादम दवाखान्यात पंधरा हजार रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन गेला होता. मावशीला म्हणाला, अंगठा दे. मावशीला वाचता येत नाही, पण अंगठा म्हणजे काय ते तिला तीन पिढ्यांपासून माहीत आहे. तिनं पैसे परत केले, कागद ठेवून घेतला, आणि मी गेल्यावर माझ्या हातात दिला. "लेकरा, वाचून दाखीव, काय लिवलंय ह्येच्यात." लिहिलं होतं की मी मजूर नसून रस्त्यानं जात असता स्वतःच्या चुकीनं चरात पडले.

मोठ्या कंपनीनं त्याला नाही म्हटलं होतं. त्यानं तेच 'नाही' खाली उतरवून मावशीच्या अंगठ्याखाली सरकवलं. वरच्यानं जो खड्डा आपल्यासाठी खणला त्यात आपण आपल्याहून खालच्याला ढकलायचं, ह्यालाच तर उतरंड म्हणतात. आपण बौद्ध, ती मातंग, हेही त्या कागदावर न लिहिता लिहिलेलं आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या. 'आपला माणूस' म्हणताना आपण आकडा कुठं थांबवतो, हे मंडळातल्या माझ्या मित्रांनी मला सांगावं. सत्तर मजुरांतला एकही आपला नव्हता काय?

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी केंद्रावर होती. त्याच साली इकडं मुंबईत पँथर उभी राहत होती आणि तिकडं आजी रस्त्याच्या कडेला बसून दगड फोडत होती, सुकडी खात होती. तिचं नाव मस्टरवर होतं म्हणून सांगायची, अभिमानानं सांगायची. कारकून हजेऱ्या खायचा, मापात मारायचा, पण नाव होतं. म्हातारी मरेपर्यंत म्हणायची, मस्टरला नाव लागलंय का ते आधी बघ, मग टिकाव उचल. मी एकोणिसाव्या वर्षी डांबराच्या कामावर गेलो तेव्हा विसरलो, आणि तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. मुकादमच बदलला होता. नव्या मुकादमाच्या वहीत मी नव्हतोच.

तर वही. मावशीची केस आज उभी आहे ती एका वहीवर. मुकादमाच्या पोरीची शाळेची दुरेघी वही, पुढं शुद्धलेखन, मागून हजेरी आणि उचल. त्यात मावशीचं नाव, सलग साडेचार महिन्यांच्या खुणा. पोरीनं ती वही आम्हाला दिली. बापाला न विचारता दिली. तिचं नावही छापत नाही. नुकसानभरपाईचा दावा आम्ही मोठी कंपनी, महापालिका आणि आपला दोस्त, तिघांवर टाकलाय. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून हे तत्त्व आहे, की मधे ठेकेदार असला तरी ज्याचं काम त्याच्याकडून भरपाई मागता येते. मजुरीचंही तसंच, सत्तरच्या कायद्यात होतं, ठेकेदारानं बुडवली तर मुख्य मालकानं द्यायची. ही कलमं मजुराला कुणी सांगत नाही. सांगितली तर सत्तर माणसं महापालिकेच्या पायरीवर जाऊन बसतील ना!

कोर्टावर भरवसा ठेवा असं मी म्हणत नाही. पण कोर्टातलं काय आपल्या कामाचं ते उचलायला लाज कसली? १९८२ चं एशियाड घ्या. दिल्लीत स्टेडियम, उड्डाणपूल बांधणाऱ्या मजुरांची किमान मजुरी सव्वानऊ रुपये, त्यातला एक रुपया जमादार कापून घ्यायचा, हातात सव्वाआठ. लोकशाही हक्कवाल्यांनी एका पत्रानं ते सुप्रीम कोर्टापुढं नेलं. कोर्ट म्हणालं, किमान मजुरीहून कमी देणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारी, आणि सरकारला 'ठेकेदारानं केलं' म्हणून हात झटकता येणार नाहीत. किंवा इथलंच घ्या. मुंबई महापालिकेचे कचरा उचलणारे २,७०० कंत्राटी कामगार. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं म्हटलं की मधला ठेका निव्वळ देखावा आहे, हे महापालिकेचेच कामगार. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. लायसन नाही म्हणून ते कायम झाले नाहीत. रोज कोण हजेरी घेतं, कोण हुकूम देतं, कुणाच्या गाडीवर काम चालतं, हे वर्षानुवर्षं युनियननं टिपून ठेवलं म्हणून झाले. टिपून ठेवलं! आपल्या मोर्च्यांना आवाज मोठा असतो, वही कुणाकडंच नसते.

आता कायदाच बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चारी कामगार संहिता लागू केल्या, त्यात १९७० चा कंत्राटी कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा दोन्ही विरघळले. लायसन आता पाच वर्षांचं. ठेकेदारांना दरवर्षी खेटे नकोत म्हणून. आणि लागतं कुणाला? पन्नास किंवा जास्त मजूर असतील त्याला. पूर्वी वीस होतं. महाराष्ट्रानं तर ही पन्नासची मेहेरबानी २०१७ पासूनच केली होती. ह्याचा अर्थ नाक्यावरच्या पोरालाही कळतो. पुढच्या साइटवर पन्नासाव्या माणसाला कामच मिळणार नाही. एकोणपन्नासांच्या टोळ्या पडतील, एकाच रस्त्यावर तीन मुकादम, तीन वह्या, आणि लायसन संपण्याचा प्रश्नच मिटला, कारण ते लागणारच नाही. आपला दोस्त आज माझ्यावर चिडलाय, पण उद्या तो कायदेशीर असेल. साठाचे एकोणपन्नास केले की झालं. मावशीच्या जागी दुसरी बाई चरात असेल आणि आम्ही मुदत संपलेला कागदसुद्धा दाखवू शकणार नाही.

म्हणून मी म्हणतो, लायसनच्या मागं लागायचं ते आत्ताच, जिथं ते लागतं तिथं तरी. तुमच्या गल्लीत रस्ता खणलाय? फलकावर कामाचं नाव, रक्कम, कंपनी लिहिलेली असते, ती उतरवून घ्या. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका, दहा रुपयांचा. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, नाहीतर साहेब परत पाठवतात, तेव्हा भाषण नको. ह्या कामाची वर्क ऑर्डर, ठेकेदाराच्या कामगार लायसनची प्रत आणि मजुरी वाटपाची कागदपत्रं, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लायसनवर तीन गोष्टी बघा. मुदत, मजुरांचा आकडा, आणि काम तेच आहे का. आपल्या दोस्ताच्या कागदावर तिन्ही खोट्या होत्या. आणि साइटवर जाऊन डोकी मोजा. सुप्रीम कोर्टाला २०१८ मध्ये सांगावं लागलं होतं की बांधकाम मजुरांच्या उपकराचे पैसे लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनवर उडवले गेले. ज्यांना आपली डोकी मोजता येत नाहीत त्यांना वॉशिंग मशिन बरोबर मोजता येतात.

दोस्त मागच्या आठवड्यात कचेरीत येऊन गेला. जाहिरातीचे पैसे आगाऊ भरलेले होते, ते मी टेबलावर ठेवले. त्यानं उचलले नाहीत. म्हणाला, "माझ्यावर लिहितोस, त्या कंपनीचं नाव लिही की." मी म्हटलं, ते दाव्यात लिहिलंय, तू साक्षीला ये. तुझ्याकडं त्यांचे व्हॉट्सॲपचे निरोप आहेत, बिलं आहेत, कुणाच्या सांगण्यावरून फळ्या लावल्या नाहीत ते तुला माहीत आहे. पोटठेका होता हे तू शपथेवर सांगितलंस तर मावशीचं काम होतं. आणि सत्तरच्या सत्तर माणसांना नव्वद दिवसांचे दाखले सही करून दे. दंड होईल तो आपण वर्गणी काढून भरू. हजार रुपयांचा तर आहे.

तो काही बोलला नाही. कंपनीकडं त्याचं अकरा लाखांचं बिल अडकलंय. साक्ष दिली की ते बुडालं, पुढचं कामही गेलं, आणि मुलीची फी भरायची आहे. हे सगळं मला ठाऊक आहे. तो उठून गेला. पैसे टेबलावरच होते, ते पाकिटात घालून त्याच्या घरी पोचवले. वहिनींनी घेतले.

हा अंक त्यामुळं आठ पानांनी कमी आहे. दोन कविता आणि एक कथा मागं ठेवली, कवींनी शिव्या द्याव्यात, हक्क आहे त्यांचा. किंमत वाढवलेली नाही. पुढच्या अंकाचं मलपृष्ठ मी त्या सत्तर जणांच्या नावांसाठी राखून ठेवलंय. त्यांतली एकेचाळीस आतापर्यंत वहीतून आणि तोंडी विचारून मिळाली. बाकीची माणसं गावी गेलीत, कुणी परभणीला, कुणी यादगीरकडं, कुणाचा फोनच लागत नाही. ज्यांना ठाऊक असतील त्यांनी कळवावं. दर रविवारी सकाळी सातला आम्ही नाक्यावर, चहाच्या टपरीशेजारी असतो. ज्यांना अक्षर बरं आहे त्यांनी यावं. वही आणि कार्बन आम्ही आणतो.

जय भीम.

– संपादक